सुपर ग्रब टू डिस्क आणि बूट-रिपेअर: अपडेटनंतर अडलेल्या संगणकासाठी दोन मोफत साधने

लिनक्स वापरणाऱ्या माणसाच्या खणात एक पेनड्राइव्ह कायमचा राखून ठेवलेला असावा आणि त्यावर सुपर ग्रब टू डिस्क असावी, असे माझे मत आता पक्के झाले आहे. अपडेट झाले, संगणक पुन्हा सुरू केला आणि नेहमीच्या मेनूऐवजी काळ्या पडद्यावर त्रुटीची ओळ दिसली, असा प्रसंग लिनक्स बराच काळ वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांवर केव्हा ना केव्हा येतोच. अशा वेळी उपयोगी पडणारी दोन मोफत साधने मी अनेकदा वापरली आहेत: एक सुपर ग्रब टू डिस्क आणि दुसरे बूट-रिपेअर. दोन्हींचा संबंध ग्रबशी, म्हणजे संगणक सुरू होताना लिनक्स उचलून चालू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामशी आहे. दोघांची नावे नेहमी एका दमात घेतली जातात, पण त्यांची कामे वेगळी आहेत आणि कोणते आधी हाती घेतले यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

टाळेबंदीनंतर १५ ऑक्टोबर २०२० पासून महाराष्ट्रातील ग्रंथालये उघडण्यास परवानगी मिळाली, त्या आठवड्यात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा संगणक कित्येक महिन्यांनी सुरू झाला. या संगणकावर डेबियन कुळातील लिनक्स आहे आणि त्यावर कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली चालते. पुस्तकांची नोंद, सभासदांची खाती आणि कोणते पुस्तक कोणाकडे गेले आहे याचा सगळा हिशेब त्या एकाच यंत्रात आहे. ग्रंथपालबाईंनी साचलेली सगळी अपडेट घेतली, संध्याकाळी संगणक बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केला. "दादा, पडदा काळा आहे, वर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्यात आणि काही केलं तरी पुढे जात नाही. बाहेर लोक पुस्तकं परत करायला उभे आहेत." मार्चपासून घरोघरी अडकून पडलेली पुस्तके त्या दिवशी परत येत होती आणि ती जमा करून घ्यायला यंत्रच नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा पडद्यावर होते, "एरर: सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड", त्याखाली "एन्टरिंग रेस्क्यू मोड" आणि शेवटी "ग्रब रेस्क्यू" असे लिहून पुढे लुकलुकणारा कर्सर. ही ओळ त्या वर्षी जगभर हजारो लोकांनी पाहिली. २९ जुलै २०२० रोजी ग्रबमधील 'बूटहोल' नावाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली, तिचा क्रमांक सीव्हीई-२०२०-१०७१३. ती बुजवण्यासाठी ग्रबमध्ये जे बदल झाले त्यांत स्मृती मागून घेणारे 'ग्रब_कॅलॉक' हे नवे फंक्शन आले. त्याच सुमारास लिनक्सच्या सर्व प्रमुख वितरणांनी, म्हणजे डेबियन, उबुंटू यांसारख्या प्रकारांनी, सुधारित ग्रब पाठवला आणि ज्या संगणकांत ग्रबचे दोन तुकडे एकमेकांपासून सुटले होते ते संगणक अडले.

हे दोन तुकडे कोणते, ते नीट समजून घेतल्याशिवाय कोणत्याही दुरुस्ती-साधनाचे मोल कळत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. बायोस म्हणजे संगणक चालू होताच बोर्डावरून चालणारा पहिला प्रोग्राम. जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकात डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो आणि त्यात प्रत्यक्ष कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट मिळतात. एवढ्याशा जागेत ग्रब मावत नाही. म्हणून तिथे फक्त एक छोटासा आरंभक राहतो, जो पहिल्या पार्टिशनच्या (डिस्कच्या पहिल्या विभागाच्या) आधीच्या मोकळ्या पट्टीत ठेवलेला ग्रबचा गाभा उचलतो. हा गाभा मग फाइलप्रणाली वाचून 'बूट' फोल्डरमधील ग्रबची मॉड्यूल्स, म्हणजे त्याचे सुटे भाग, स्मृतीत आणतो आणि त्यांतल्या 'नॉर्मल' नावाच्या मॉड्यूलमुळे आपला परिचित मेनू दिसतो. म्हणजे गाभा डिस्कच्या तोंडाशी, कोणत्याही फाइलप्रणालीच्या बाहेर राहतो, तर मॉड्यूल्स साध्या फायलींसारखी आत असतात. दोन्ही एकाच आवृत्तीची असणे आवश्यक आहे. मॉड्यूल नवे आणि गाभा जुना अशी स्थिती झाली, की नवे मॉड्यूल ज्या फंक्शनची मागणी करते ते गाभ्याला ठाऊकच नसते आणि तो तिथेच थांबतो.

ग्रब रेस्क्यूच्या त्या अरुंद जागेत 'एलएस', 'सेट', 'अनसेट' आणि 'इन्समॉड' अशा मोजक्याच कमांड चालतात. बहुतेक मार्गदर्शनात सांगितलेला उपाय असा असतो की 'एलएस'ने पार्टिशने पाहावीत, 'सेट प्रीफिक्स'ने ग्रबच्या फोल्डरचा पत्ता द्यावा आणि 'इन्समॉड नॉर्मल' म्हणावे. पार्टिशनचा क्रमांक बदलल्यामुळे पत्ता चुकला असेल तेव्हा हा उपाय अगदी बरोबर आहे. इथे मात्र पत्ता बरोबरच होता. बिघाड आवृत्तीचा होता आणि 'इन्समॉड नॉर्मल' म्हटले की पुन्हा तीच 'ग्रब_कॅलॉक'ची ओळ येत होती. दहा मिनिटे त्यात घालवल्यावर मी पेनड्राइव्ह काढला.

सुपर ग्रब टू डिस्कचे वैशिष्ट्य असे की ती स्वतः लिनक्स नाही. ती म्हणजे ग्रबचीच एक स्वतंत्र, परिपूर्ण प्रत आहे आणि तिच्यासोबत संगणकातील डिस्का धुंडाळणारी स्क्रिप्ट दिलेली आहे. तिचा गाभा आणि तिची मॉड्यूल्स तिच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर एकाच आवृत्तीची असतात, त्यामुळे आपल्या डिस्कवरील बिघडलेल्या जोडीशी तिचा संबंधच येत नाही. फाइल इतकी लहान आहे की कोणताही जुना, इतर कामांतून बाद झालेला पेनड्राइव्ह तिला पुरतो. एकच फाइल जुनी बायोस आणि तिच्या जागी आलेली नवी यूईएफआय या दोन्ही पद्धतींच्या यंत्रांवर चालते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की जो मेनू येतो, त्यात वरची ओळ असते 'डिटेक्ट अँड शो बूट मेथड्स'. ती निवडली, काही क्षण डिस्का वाचल्या गेल्या आणि मग एक लांब यादी आली. त्यात सापडलेल्या ग्रब-मांडणीच्या फायली होत्या, सुटे कर्नल, म्हणजे लिनक्सचे मध्यवर्ती भाग, होते आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या डिस्कवर, कोणत्या पार्टिशनवर आहे ते लिहिलेले होते. वाचनालयाच्या डिस्कवरील ग्रब-मांडणीची फाइल मी निवडली, तिच्यातून नेहमीचा मेनू उघडला, एंटर दाबले आणि कोहाचा लॉगिनचा पडदा आला. पेनड्राइव्ह लावल्यापासून इथवर यायला पाच मिनिटेही लागली नसतील.

या साधनाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो तो असा, की हे सगळे करताना त्याने डिस्कवर एक अक्षरही लिहिले नाही. अडलेला संगणक समोर असताना माणसाला घाई असते आणि घाईत डिस्कवर काही लिहिणे हाच त्या वेळचा खरा धोका असतो. आत शिरल्यावर मी सर्वप्रथम 'कोहा-डम्प' चालवून वाचनालयाची संपूर्ण नोंद दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. बाई खिडकीशी बसून पुस्तके जमा करून घेऊ लागल्या आणि दुरुस्तीचे काम मी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, शांतपणे हाती घेतले. ही उसंत ज्या साधनामुळे मिळते ते साधन आधी वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुपारी कारण शोधले, तेव्हा ते अपडेटच्या बरेच मागे जाऊन सापडले. वर्षभरापूर्वी तालुक्याच्या एका दुकानातून या संगणकात एसएसडी बसवून घेतली होती. दुकानदाराने जुन्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवली, जुनी डिस्क फॉरमॅट केली आणि स्कॅन केलेल्या दुर्मिळ अंकांच्या साठ्यासाठी ती आतच राहू दिली. संगणक चांगला वेगाने चालू लागला, त्यामुळे कोणालाच काही शंका आली नाही. परंतु डेबियन कुळात ग्रबचे पॅकेज स्वतःपाशी एक नोंद ठेवते, की ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा. ही नोंद डिस्कच्या नुसत्या क्रमाने न ठेवता तिच्या मॉडेलच्या नावाने आणि सीरियल क्रमांकाने ठेवलेली असते. नक्कल करताना ही नोंदही जशीच्या तशी नव्या डिस्कवर आली आणि तिच्यात नाव राहिले जुन्या डिस्कचे. ऑक्टोबरात अपडेट आले तेव्हा पॅकेजने नोंदीप्रमाणे नवा गाभा जुन्या हार्ड डिस्कच्या तोंडाशी लिहिला, नवी मॉड्यूल्स मात्र एसएसडीवरील 'बूट' फोल्डरमध्ये ठेवली. संगणक सुरू होत होता एसएसडीवरून, म्हणजे तिच्या तोंडाशी असलेल्या जुन्या गाभ्यावरून. सगळ्या गोष्टींची संगती लागली ती 'डेबकॉन्फ-शो ग्रब-पीसी' या कमांडच्या एका ओळीत. तिथे दिसणारा सीरियल क्रमांक मी केसचे झाकण उघडून हार्ड डिस्कवरील लेबलशी ताडून पाहिला, तो अक्षर न् अक्षर जुळला.

खात्रीसाठी आणखी एक प्रयोग केला. संगणक पुन्हा सुरू करून बायोसच्या बूट-मेनूमधून एसएसडीऐवजी हार्ड डिस्क निवडली, तर पेनड्राइव्हशिवाय सगळे व्यवस्थित सुरू झाले. ज्या डिस्कवर आता लिनक्सची एकही फाइल उरलेली नव्हती, तिच्या तोंडाशी असलेल्या नव्या गाभ्याने शेजारच्या एसएसडीवरील नव्या मॉड्यूल्सना बरोबर हाक घातली. ज्यांच्या संगणकात दोन डिस्का आहेत आणि 'सिम्बॉल नॉट फाउंड' अशी ओळ दिसते आहे, त्यांनी पेनड्राइव्ह शोधण्याआधी हा प्रयोग जरूर करून पाहावा. त्याला काही लागत नाही आणि निदान जागच्या जागी होते.

दुरुस्ती त्यानंतर फार सोपी होती. 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवली, सुरुवातीचे एक-दोन प्रश्न आहे तसे सोडून दिले आणि डिस्कांची यादी आली तेव्हा स्पेसबार दाबून एसएसडीपुढे खूण केली. हार्ड डिस्कपुढची खूण मी तशीच राहू दिली, कारण बोर्डावरची लहान बॅटरी संपली तर बायोस डिस्कांचा क्रम विसरतो आणि तेव्हा दोन्हीकडे एकाच आवृत्तीचा गाभा असलेला बरा. एक काळजी मात्र घ्यावी: यादीत डिस्कांसोबत पार्टिशनेही दिसतात, खूण संपूर्ण डिस्कपुढेच करायची असते. जे नुसते 'ग्रब-इन्स्टॉल' चालवून थांबतात त्यांचा संगणक त्या दिवशी सुरू होतो, पण पॅकेजची नोंद तशीच राहते आणि ग्रबचे पुढचे अपडेट आले की तोच पडदा पुन्हा समोर येतो. बिघाड वारंवार होतो अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत मला हेच कारण आढळले आहे. म्हणून दुरुस्ती कोणत्याही साधनाने केली तरी शेवटी ही नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, असे माझे सांगणे आहे.

आता बूट-रिपेअरविषयी. हे खिडकी उघडणारे साधन आहे आणि ते चालवण्यासाठी लाइव्ह लिनक्स, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स, लागते. लिनक्स मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ते आधीपासूनच असते, उबुंटूमध्ये त्याचे वेगळे भांडार जोडून बसवावे लागते, आणि बूट-रिपेअर-डिस्क या नावाने त्याची स्वतंत्र आयएसओ फाइलही मिळते. उघडल्यावर ते डिस्का तपासते आणि मग दोन मोठी बटणे समोर ठेवते: एक शिफारस केलेल्या दुरुस्तीचे आणि दुसरे संगणकाच्या बूट-स्थितीचा अहवाल तयार करण्याचे. मी हे साधन मुख्यतः यूईएफआय यंत्रांवर वापरले आहे. माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी आहेत. उत्पादकाकडून आलेले फर्मवेअर अपडेट घेतल्यावर लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जाऊ लागला आणि लिनक्स कुठे दिसेनासे झाले. यूईएफआयमध्ये ग्रब हा ईएफआय पार्टिशनवरील एक साधी फाइल असतो आणि ती फाइल कुठे आहे याची नोंद बोर्डावरील स्मृतीत असते. फर्मवेअर बदलताना ती नोंद पुसली गेली होती; डिस्कवरील सगळे जागच्या जागी होते. शिफारस केलेल्या दुरुस्तीचे बटण दाबल्यावर बूट-रिपेअरने ग्रब पुन्हा बसवला, नोंद तयार केली आणि थोड्याच वेळात भाचीचा लॅपटॉप पूर्ववत झाला. शिकणाऱ्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर 'क्रूट' आणि 'माउंट बाइंड' या हाताने करायच्या दुरुस्तीच्या कमांड समजावत बसावे लागले नाही, याबद्दल या साधनाच्या कर्त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

तरीही त्या बटणाविषयी माझे काही आक्षेप आहेत. ते एका दाबात अनेक गोष्टी करते. कोणती गोष्ट अडली होती आणि कोणत्या गोष्टीने सुटली, हे शेवटी अहवाल वाचल्याशिवाय कळत नाही आणि अहवाल लांबलचक असतो. भाचीच्या लॅपटॉपला प्रत्यक्षात 'ईएफआय-बूट-मॅनेजर' या कमांडची एक ओळ पुरली असती. प्रगत पर्यायांमध्ये विंडोजच्या ईएफआय फायलींचा बॅकअप घेऊन त्यांची नावे बदलण्याचा एक पर्याय आहे, त्याला पूर्ण समजल्याशिवाय हात लावू नये. अहवाल इंटरनेटवर चढवायचा का, असे साधन विचारते. त्यात डिस्कांची मॉडेल, पार्टिशनांचे ओळख-क्रमांक आणि मांडणीच्या फायली असतात, म्हणून संस्थेच्या संगणकावर मी नेहमी नकार देतो आणि फाइल स्वतःपाशी ठेवतो. डिस्क कूटबद्ध असेल तर ती आधी उघडून द्यावी लागते. आणि लाइव्ह पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केला त्याच पद्धतीचे ग्रब बसवणे सोपे जाते, म्हणून यूईएफआय यंत्र दुरुस्त करताना पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू झाला आहे ना, हे आधी पाहावे. बूट-मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यांतली 'यूईएफआय' लिहिलेली ओळ निवडावी.

अहवालाचे बटण मात्र मला निर्विवाद आवडते. आपल्याला न समजणारी अडचण दुसऱ्या जाणकाराला दाखवायची असेल तर पार्टिशनांचे कोष्टक, प्रत्येक डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर काय आहे, ग्रबची मांडणी आणि यूईएफआयमधील नोंदी हे सारे एकाच फाइलमध्ये मिळते. मी अनेकदा बूट-रिपेअर केवळ त्यासाठीच उघडतो.

काही अडचणी अशाही असतात की त्यांवर या दोन्हींचा उपयोग होत नाही, आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. १३ ऑगस्ट २०२४ रोजीच्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असा संदेश येऊन लिनक्स सुरू होईनासे झाले. त्या वेळी ग्रब कितीही वेळा पुन्हा बसवला तरी फरक पडत नव्हता, कारण अडवणूक ग्रबच्या आधी, सिक्युअर बूटच्या, म्हणजे मान्य सही असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणाऱ्या तपासणीच्या, टप्प्यावर होत होती. तिथला उपाय असा होता की सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून लिनक्समध्ये शिरावे, 'मॉकयूटिल' या कमांडने एसबॅटचे, म्हणजे कोणत्या जुन्या आवृत्त्या अडवायच्या हे ठरवणाऱ्या यादीचे, धोरण पुसावे, संगणक पुन्हा एकदा सुरू करावा आणि मग सिक्युअर बूट चालू करावा. सुपर ग्रब टू डिस्क वापरण्याआधीही मी सिक्युअर बूट बंद करतो. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याआधी तिची रिकव्हरी-की कागदावर उतरवून हाताशी ठेवावी, कारण ती मागितली जाण्याची शक्यता असते. मेनूमधून फक्त विंडोजचे नाव नाहीसे झाले असेल, तर तो बिघाडच नव्हे. ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारा भाग मूळ मांडणीत बंद ठेवला आहे आणि तो एका ओळीने चालू करता येतो.

दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि त्यांचा स्रोत खुला आहे. ज्याला कमांड नकोशा वाटतात त्याने बूट-रिपेअर जरूर वापरावे, पण शक्य तिथे आधी सुपर ग्रब टू डिस्कने आत शिरून आपल्या माहितीची प्रत काढून घ्यावी. ज्याच्यावर एखाद्या शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा पतपेढीच्या संगणकांची जबाबदारी आहे त्याच्यासाठी माझ्या मते पहिले साधन अपरिहार्य आहे. मी वाचनालयासाठी एक पेनड्राइव्ह वेगळा तयार करून दिला आणि बाईंना एकदा माझ्यासमोर त्यावरून संगणक सुरू करायला लावला. तो आता शिक्के आणि स्टॅम्पपॅड ठेवतात त्या खणात, चिठ्ठी लावलेल्या पाकिटात असतो.

२ मार्च २०२१ रोजी ग्रबमधील सुरक्षा-त्रुटींची दुसरी मोठी तुकडी जाहीर झाली आणि पुन्हा सर्वत्र अपडेट गेले. ज्यांच्या नोंदी चुकीच्या होत्या त्यांच्या पडद्यांवर या वेळी 'ग्रब_रजिस्टर_कमांड_लॉकडाउन' हे नवे नाव दिसू लागले. मी त्या आठवड्यात वाचनालयात मुद्दाम जाऊन बाईंसमोर अपडेट घेतले, संगणक पुन्हा सुरू केला आणि दोघेही पडद्याकडे पाहत उभे राहिलो. मेनू आला, पाच सेकंद मोजली गेली, कोहा उघडले. "पेनड्राइव्ह काढू का, दादा?" असे विचारत बाईंनी खण अर्धा उघडलाच होता.